मामलेदारांना दिलेला शब्द

रमजान जवळ आला की सोलापूरहून मुंबईला खरेदीसाठी गेलेले आपल्यातले अनेक जण मोहम्मद अली रोडवरून चालत क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जातात. मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देऊन बरीच वर्षे झाली, पण टॅक्सीवाल्याला आजही ‘क्रॉफर्ड मार्केट’ असेच सांगावे लागते. हा आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, एवढे बहुतेकांना माहीत असते. याच क्रॉफर्डची पुढे पुण्यात लाचखोरीच्या आरोपांवरून चौकशी झाली, हे थोड्यांना ठाऊक असते. आणि त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेल्या मराठी मामलेदारांचे नंतर काय झाले, हे तर आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत.

मला हे जुने प्रकरण कुंभारीत आठवले.

कुंभारी म्हणजे सोलापूरपासून अक्कलकोटच्या वाटेवर, दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढून जी घरे मिळवली, ती इथलीच. गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत दिला गेला. या घरांत पद्मशाली आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत. सुपात तंबाखू आणि पाने घेऊन उंबऱ्याशी बसलेली बाई कोणत्या समाजाची आहे, हे तिच्या बोटांवरून कळत नाही.

अशाच एका उंबऱ्यावर ओळखीच्या एका खालांनी मला विचारले होते. त्यांच्या नातवाची शिष्यवृत्ती काढून देतो म्हणून कोणी एक माणूस आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन गेला. काही महिन्यांनी खात्यात पैसे आले, त्यातले थोडे खालांच्या हातावर ठेवून बाकीचे त्याने काढून नेले. नंतर कळले की मुलगा कधी न पाहिलेल्या एका शाळेच्या वसतिगृहात राहतो, असे कागदावर दाखवले होते. खाला म्हणाल्या, “बोले तो अपनेच घरकू आंच आती ना, बेटा?” त्यांना दोन भीती होत्या. एक, तो माणूस त्रास देईल. दुसरी त्याहून मोठी. पैसे आपल्याही हाताला लागले आहेत, तर आपणच गुन्हेगार ठरू का?

ही दुसरी भीती फार जुनी आहे. १८८८ साली पुण्याच्या मामलेदारांना ती पडली होती.

जागल्या आणि वाकेनवीस

सरकारी पैशावरचा डल्ला उघड करणाऱ्याला इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी त्याच्यासाठी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला आणि तो अगदी योग्य आहे. गावगाड्यातला जागल्या रात्री गावाची राखण करायचा आणि त्याबद्दल गाव त्याला धान्याच्या रूपाने त्याचा हक्क द्यायचे. जागणे हे त्याचे काम होते आणि त्या कामाचा मोबदला ठरलेला होता. तो गावावर उपकार करत नव्हता आणि गावही त्याच्यावर नव्हते.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार दिले आहेत. अपहार उघड करून तो सिद्ध करणाऱ्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा आणि तो स्वतः सरकारी चाकर असेल तर बारावा, असा नियम तिथे आहे. आरोप सिद्ध झाला नाही तर मात्र त्याला शिक्षा होती. म्हणजे बक्षीस आणि खोट्या तक्रारीला आळा, या दोन्हींचा विचार तेव्हाच झाला होता.

मध्ययुगात इस्लामी राजवटींनी ही व्यवस्था वेगळ्या अंगाने उभी केली. सुभेदारावर नजर ठेवायला बातमी लिहिणारे स्वतंत्र नेमले जात. मुघल कारभारात वाकेनवीस, सवानिहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे असे त्यांचे प्रकार होते. त्यांचे कागद सुभेदाराच्या हातातून न जाता थेट दरबारात पोहोचावेत, अशी रचना होती. औरंगजेबाचा मुक्काम १६९५ ते १६९९ या काळात आपल्या सोलापूर जिल्ह्यात भीमेकाठी ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ होता. साम्राज्यभरातल्या बातम्यांचे कागद त्या काळात याच छावणीत वाचले जात. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही मंत्र्याला वाकेनवीस म्हणत. वाकनीस हे मराठी आडनाव त्याच शब्दातून आले. आदिलशाही असो, मुघलाई असो की स्वराज्य, वरिष्ठाच्या डोक्यावरून पत्र पाठवता आले पाहिजे, हे शहाणपण सगळ्यांचे एकच होते.

पण या व्यवस्थेत एक भोक होते. वाकेनवीस आणि सुभेदार एकाच गावात राहत. दोघे एक झाले की दरबाराला हवी ती बातमी जायची. फ्रेंच प्रवासी बर्निए याने सतराव्या शतकातच या संगनमताची तक्रार नोंदवून ठेवली आहे. बातमी देणारा पगारी नोकर असेल आणि संकटात त्याच्या पाठीशी कोणी नसेल, तर तो सत्य लिहिण्यापेक्षा जुळवून घेणे पसंत करतो.

नंदकुमारचा फास

कंपनी सरकारच्या काळात तक्रारदाराचे काय होते, याचा पहिला मोठा धडा बंगालने पाहिला. मार्च १७७५ मध्ये महाराजा नंदकुमार यांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने लाच घेतल्याचा आरोप कौन्सिलपुढे ठेवला. दोन महिन्यांत नंदकुमार यांनाच एका जुन्या बनावट दस्तऐवजाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात त्यांना फाशी दिली गेली. तो दस्तऐवज खरा की खोटा, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले. रयतेने मात्र त्यातून एवढेच घेतले की साहेबाविरुद्ध बोलणाऱ्याचे जुने कागद बाहेर निघतात.

क्रॉफर्ड प्रकरण

आता पुण्याकडे येऊ. १८८८ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हा मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा आयुक्त होता. खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सोलापूर आणि सातारा हे जिल्हे त्याच्या हाताखाली होते. तालुक्याची वसुली पाहणारा आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरणारा मामलेदार हा या यंत्रणेचा कणा. त्याची बढती, बदली आणि कधी कधी नोकरीही आयुक्ताच्या मर्जीवर होती. क्रॉफर्डचा हात सैल होता आणि त्याच्यावर कर्ज मोठे होते. हनमंतराव नावाच्या त्याच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे उकळले जातात, अशी कुजबुज पुण्यात बरीच आधीपासून होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात ‘अंतस्थ’ आणि ‘दरबारखर्च’ या नावांनी असले पैसे हिशेबात येत. नाव बदलले, वहिवाट तशीच राहिली होती.

गव्हर्नर लॉर्ड रे याने चौकशीचा निर्णय घेतला, तेव्हा अडचण पहिल्याच पायरीवर आली. लाच दिल्याचे कोण सांगणार? पैसे फक्त मामलेदारांनी दिले होते आणि तोंड उघडताच ते स्वतः गुन्हेगार ठरत होते. तेव्हा चौकशी करणारे पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमानी यांच्यामार्फत सरकारने शब्द दिला: खरे सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाही आणि तुमची नोकरीही जाणार नाही. या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. पुण्यात साहेबाविरुद्ध मराठी अधिकारी शपथेवर बोलत आहेत, हे दृश्य त्या पिढीने पहिल्यांदा पाहिले. स्वतः क्रॉफर्डने वेश बदलून पुण्यातून निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो मुंबईत पकडला गेला.

मध्यस्थ हनमंतरावाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. क्रॉफर्डसाठी मात्र न्यायालयाऐवजी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने लाचखोरीच्या आरोपातून त्याला मोकळे केले आणि हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला. त्यावरून त्याला सेवेतून काढण्यात आले. तो विलायतेला गेला आणि पुढे त्याने पुणे व दख्खनमधल्या आपल्या दिवसांवर पुस्तकेही लिहिली.

आणि मामलेदार? खरी गोष्ट इथून सुरू होते. लाच दिल्याचे कबूल केलेले लोक दंडाधिकाऱ्याच्या खुर्चीवर कसे बसू शकतात, असा गदारोळ इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि लंडनच्या संसदेतल्या काही सभासदांनी उठवला. १८०९ च्या एका ब्रिटिश कायद्यानुसार पद विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे होते. मुंबई सरकारने दिलेला शब्द या कायद्यापुढे टिकतच नव्हता. मामलेदारांना खटल्यांतून वाचवायला १८८९ मध्ये खास कायदा करावा लागला. पण नोकरीचे वचन पूर्ण पाळले गेले नाही. ज्यांच्याकडून दडपणाने पैसे उकळले गेले त्यांना ठेवले आणि ज्यांनी बढतीसाठी आपणहून दिले असे ठरले, त्यांना मोबदला देऊन घरी पाठवले.

यात लोकमान्य टिळक मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले. १८८९ मध्ये पुण्यात या प्रश्नावर जाहीर सभा झाली. तिथला मुद्दा साधा होता. लाच देणे चूक आहे, हे खरे. पण सरकारने शब्द देऊन साक्ष घेतली आणि मग हात झटकले, तर यापुढे कोण तोंड उघडेल? हा मुद्दा मामलेदारांपुरता नव्हता. साक्षीदाराला दिलेले वचन मोडले की नुकसान एका माणसाचे होत नाही, पुढच्या सगळ्या साक्षीदारांचे होते.

या प्रकरणातून मला एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. वचन देणारा गव्हर्नर प्रामाणिक होता. तरीही वचन तुटले, कारण ते माणसाने दिले होते, कायद्याने नव्हे. कायदा नंतर आला आणि अर्धाच आला.

लिंकनचा कायदा

याच्या पंचवीस वर्षे आधी अमेरिकेने उलटा क्रम धरला होता. तिथे यादवी युद्ध चालू होते. ठेकेदार सैन्याला कुजके कापड, आजारी खेचरे आणि भुसा मिसळलेली दारू विकत होते. अब्राहम लिंकन यांच्या सरकारने २ मार्च १८६३ रोजी कायदा केला, की अशी फसवणूक माहीत असलेला कोणीही नागरिक सरकारच्या वतीने स्वतः दावा लावू शकेल. वसुली झाली तर निम्मी रक्कम त्याची. जुन्या इंग्रजी कायद्यातली ही कल्पना, की माणूस राजासाठीही लढतो आणि स्वतःसाठीही.

दुसऱ्या महायुद्धात हा कायदा दुबळा करण्यात आला आणि १९८६ मध्ये पुन्हा बळकट केला गेला. आज तिथे लबाडी करणाऱ्याकडून तिप्पट भरपाई वसूल करता येते. सरकार दाव्यात उतरले तर जागल्याला १५ ते २५ टक्के, न उतरल्यास २५ ते ३० टक्के मिळतात. दावा सुरुवातीला गुप्त राहतो. नोकरीवरून काढले तर परत घ्यावे लागते आणि बुडालेला पगार दुप्पट द्यावा लागतो. यात जागल्याला संत मानलेले नाही. त्याला घर आहे, मुले आहेत, पोट आहे, हे कायद्याने मान्य केले आहे.

या कायद्याचा आपल्याशी थेट संबंध २०१३ मध्ये आला. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. कंपनीतली बनवाबनवी उघड करणारे दिनेश ठाकूर हे भारतीयच. त्यांच्या वाट्याला ४.८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. औषधे भारतातही विकली जात होती. पण हीच माहिती त्यांनी इथे दिली असती, तर त्यांना एवढ्या वाट्याचा हक्क देणारा कायदा इथे नव्हता.

आपल्याकडचे मृत्यू, आपल्याकडचा कागद

स्वतंत्र भारतात कायद्याची गोष्ट एका खुनापासून सुरू होते. सत्येंद्र दुबे हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण अभियंता. झारखंडमधल्या महामार्गाच्या कामातली लूट त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. न्यायालयाने पुढे ज्यांना शिक्षा केली, त्यांनी लुटीसाठी खून केला असे मानले गेले. पण गुप्त ठेवायला सांगितलेले नाव फुटले, हे कोणी नाकारू शकले नाही.

देशभर संताप झाला आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्राने एक ठराव काढला. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून केंद्रीय दक्षता आयोगाने तक्रार घ्यावी, अशी ती सोय आहे. संसदेने केलेला कायदा त्यानंतर दहा वर्षांनी आला. व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायद्यावर ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आहे. बक्षिसाचा उल्लेख नाही. आणि तो लागू करण्याची अधिसूचनाच आजवर निघालेली नाही. सही झाली, छापला गेला, कपाटात राहिला.

मधल्या काळात महाराष्ट्राने काय पाहिले? १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांचा खून झाला. त्यांनी आधी पोलीस संरक्षण मागितले होते. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले गेले. एक सामान्य नागरिक, एक वरिष्ठ अधिकारी. दोघांनाही कोणी वाचवू शकले नाही.

गंमत अशी की बक्षीस देणे आपल्या सरकारला जमत नाही, असे मुळीच नाही. तस्करीची खबर देणाऱ्याला कस्टम खाते फार पूर्वीपासून बक्षीस देते. प्राप्तिकर खात्याच्या २०१८ च्या योजनेत करचुकवेगिरीची माहिती देणाऱ्याला ५० लाखांपर्यंत आणि परदेशातल्या काळ्या पैशासाठी ५ कोटींपर्यंत देण्याची सोय आहे. बेनामी मालमत्तेसाठी १ कोटीपर्यंत. म्हणजे सरकारच्या तिजोरीत यायचा पैसा चुकवला तर खबरीला किंमत आहे. तिजोरीतून गरिबासाठी निघालेला पैसा मधल्या मध्ये खाल्ला गेला, तर ती खबर फुकट.

मुखबिर आणि गवाह

आता खालांच्या प्रश्नाकडे. २०२३ मध्ये केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्था तपासल्या. त्यातल्या ८३० बोगस किंवा बंद निघाल्या. नुकसानीचा आकडा १४४.८३ कोटी रुपये. प्रकरण सीबीआयकडे गेले. हा पैसा ज्या मुलांसाठी होता, त्यांच्यातली बहुसंख्य मुले मुसलमानांची होती. त्याआधीच नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती शिक्षण हक्क कायद्याचे कारण देऊन बंद करण्यात आली होती. एका बाजूने योजना आकसली, दुसऱ्या बाजूने होती तीही कुरतडली गेली होती.

आपल्या मोहल्ल्यांत यावर बोलताना लोक दोन कारणे देतात. पहिले, आपल्याच संस्थांची नावे बाहेर आली तर समाजाची बदनामी होईल, टपून बसलेल्यांना आयते कोलीत मिळेल. दुसरे, सरकारला खबर देणारा म्हणजे मुखबिर, आणि मुखबिर हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. पहिली भीती खोटी नाही. पण बोगस शाळा वर्षानुवर्षे चालू राहिली तर बदनामी टळत नाही, साठत जाते, आणि एके दिवशी एकदम कोसळते. दुसऱ्या बाबतीत आपण दोन वेगळी माणसे एक करतो. मुखबिर आपल्या माणसांना सत्तेच्या हवाली करतो. गवाह आपल्या माणसांचा हिरावलेला हक्क परत मागतो. ज्या मुलाच्या नावावर पैसा उचलला गेला, त्याच्या बाजूने बोलणे ही गवाही आहे. ती स्वतःच्या माणसांविरुद्ध द्यावी लागली तरी द्यावी, हे आपल्याला घरातच शिकवलेले असते.

मी खालांना जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर २००४ च्या ठरावाखाली दक्षता आयोगाला बंद लिफाफ्यात पत्र पाठवता येते. लिफाफ्यावर ठरावाखालची तक्रार असे लिहायचे. आपले नाव-पत्ता लिफाफ्यावर टाकायचा नाही, आतल्या पत्रात द्यायचा. निनावी पत्र घेतले जात नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांना तो ठराव लागू नाही, त्यासाठी १९७१ च्या कायद्याने नेमलेले लोकायुक्त आहेत. आणि ज्या बाईची कागदपत्रे फसवून घेतली गेली, ती आधी फसवली गेलेली बाई आहे, ही गोष्ट तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहायची.

खालांनी सगळे ऐकून घेतले. सुपातली विडी वळून पूर्ण केली, दोरा बांधला आणि विचारले, “लिखके देतंय कौन?”

उत्तर माझ्याकडे होते, म्हणून मी कागद काढला. पण त्यांचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. १८८९ मध्ये पुण्याच्या मामलेदारांनीही सरकारला हेच विचारले असणार: लेखी कोण देणार? मुंबईत मंडईवर क्रॉफर्डचे नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे. त्या मामलेदारांची नावे कोणत्याही गल्लीला नाहीत. कुंभारीच्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईला कोणी आपले नाव कुठे लावावे असे वाटत नाही. तिला फक्त एवढेच हवे आहे, की खरे बोलल्यावर तिचे नाव फुटू नये आणि तिचे घर तिचेच राहावे. एवढे लेखी द्यायला २०१४ चा कायदा छापून तयार आहे. तो कपाटातून बाहेर काढायचा आहे.